विचारा स्कोअररला : सर्वबाद ७, आणि आफ्रिकेच्या इतर गोष्टी

तात्या, मोबाइलवर एक स्कोअरकार्ड फिरतंय : आयव्हरी कोस्ट सर्वबाद ७. खरं आहे की कुणी पोराने बनवलंय? आणि खरं असेल, तर असल्या संघाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला कुणी? (एक वाचक, देवगड)

खरं आहे. २४ नोव्हेंबर २०२४, लागोसचं तफावा बालेवा स्क्वेअर मैदान, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपच्या आफ्रिकी पात्रता स्पर्धेतला सामना. नायजेरियाने ४ बाद २७१ केल्या. त्यात सेलिम सलाऊ ११२ करून आपणहून निघून गेला, म्हणजे कागदावर ‘रिटायर्ड आऊट’. मग आयव्हरी कोस्टचा डाव ७.३ षटकांत ७ धावांत आटोपला. ते कार्ड मी माझ्या वहीत उतरवून पाहिलं. एकाच्या ४, तिघांची एकेक, बाकी सगळे भोपळे. अवांतर, म्हणजे वाइड-नोबॉलसारख्या फुकटच्या धावा, शून्य. मला अप्रूप वाटलं ते या अवांतराच्या शून्याचं. समोरचा संघ कोसळायला लागला की गोलंदाजाला घाई होते, आणि एखादा तरी वाइड जातोच. नायजेरियाने एकही दिला नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टीत एकेरी आकड्यावर बाद झालेला हा पहिला संघ. त्याआधीचा नीचांक १० होता, आइल ऑफ मॅन आणि मंगोलिया यांच्या नावावर.

आता दर्जाचं. आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, १ जानेवारी २०१९ पासून आपल्या सगळ्या सदस्य देशांच्या आपसातल्या पुरुष टी-ट्वेन्टी सामन्यांना आंतरराष्ट्रीय मानायला सुरुवात केली. तेव्हापासून ‘दर्जा घसरला’ म्हणून गळे काढणारे पुष्कळ झाले. मी त्यांच्यातला नाही. दर्जा म्हणजे काही शाल-श्रीफळ नव्हे. सामना अधिकृत वहीत चढतो, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या सड्यावर, कातळावर मॅट अंथरून आठ-आठ षटकांच्या स्पर्धा होतात. एखादी नवी वाडी १९ वर गुंडाळली गेली की माइकवाल्याला चेव येतो. मी मात्र शून्यावर गेलेल्याचंही नाव आडनावासकट लिहितो, आणि त्याला कुणी बाद केलं तेही लिहितो. वही नसेल तर पुढच्या वर्षी त्याच वाडीने ६० केल्या, हे कोण कशाच्या आधारावर सांगणार? आयव्हरी कोस्टची ती पहिलीच स्पर्धा होती. सातचा आकडा आता पुसता येणार नाही, पण त्या पोरांचे पुढचे आकडेही त्याच वहीत लागतील.

आमच्या मंडळाच्या स्पर्धेत रनरेटवरून हातघाईची वेळ आली. संघ ७.३ षटकांत ऑल आऊट झाला, तर भागायचं ७.३ ने की अख्ख्या षटकांनी? (एका क्रीडा मंडळाचे चिटणीस, गुहागर)

अख्ख्या षटकांनी. ऑल आऊट झालेल्याला वाटणीची सगळी षटकं खेळला असं धरतात, नाहीतर झटपट बाद होण्यातच फायदा झाला असता. वरचाच सामना घ्या. नायजेरिया : २७१ भागिले २०, म्हणजे १३.५५. आयव्हरी कोस्ट : ७ भागिले २०, म्हणजे ०.३५. फरक १३.२०, तोच नायजेरियाचा नेट रनरेट. एका सामन्यात एवढा रनरेट मिळाला की उरलेली स्पर्धा निवांत झोपून खेळावी!

चिटणीस साहेब, तुमचं भांडण बहुतेक दुसऱ्याच जागी असणार. ७.३ म्हणजे सात षटकं आणि तीन चेंडू, म्हणजेच साडेसात. कॅल्क्युलेटरला हे कळत नाही, तो सात पूर्णांक तीन दशांश समजतो. जून २०२४ मध्ये गयानात युगांडाने पापुआ न्यू गिनीविरुद्ध १८.२ षटकांत ७ बाद ७८ केल्या आणि वर्ल्ड कपमधला आपला पहिला विजय मिळवला. त्या डावाला १८.३३ ने भागलं तर ४.२५ येतात, १८.२ ने भागलं तर ४.२९. एवढ्याशा फरकावर सेमी हुकते आणि मग खुर्च्या उडतात. अजून एक, रोजच्या रनरेटची सरासरी काढू नका. सगळ्या सामन्यांच्या धावा एकत्र करा, षटकं एकत्र करा आणि मग एकदाच भागा.

झिम्बाब्वे कसोटी खेळणारा देश. तो गाम्बियासारख्यांशी का खेळत होता? ३४४ धावा कुटून काय मिळवलं? (वाचक, चिपळूण)

तो सामना २०२४ चा, आणि याचं उत्तर त्याआधीच्या वर्षात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नामिबियातल्या विंडहुकला आफ्रिकेची अंतिम पात्रता फेरी झाली. संघ सात, वर्ल्ड कपच्या जागा दोन. झिम्बाब्वे आधी नामिबियाकडून हरला आणि मग युगांडाकडून, पाच विकेटनी. १९९२ पासून कसोटी खेळणारा देश घरी बसला आणि ब्रायन मसाबाचा युगांडा वेस्ट इंडीज-अमेरिकेच्या वर्ल्ड कपला गेला. त्या रात्री कंपालात कुणी झोपलं नसेल.

पुढच्या खेपेला आयसीसीने नामिबिया आणि युगांडा यांना थेट अंतिम फेरीत घेतलं. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये टांझानिया, केनिया आणि नायजेरिया इथे तीन गट खेळवले, प्रत्येकातले पहिले दोन अंतिम फेरीत. झिम्बाब्वेलाही त्याच रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून २३ ऑक्टोबर २०२४ ला नैरोबीच्या रुआराका मैदानावर समोर गाम्बिया आला. सिकंदर रझा ४३ चेंडूंत नाबाद १३३, शतक ३३ चेंडूंत. संघाच्या ४ बाद ३४४, तो विश्वविक्रम ठरला. गाम्बिया ५४ सर्वबाद, फरक २९० धावांचा. गाम्बियाचा गोलंदाज मुसा जोबार्ते याच्या चार षटकांत ९३ गेल्या. विंडहुकचा राग नैरोबीत काढला म्हणा हवं तर. राग वाटतो, पण होता तो हिशेब. धावांचा असा ढीग रनरेटच्या रकान्यात पडून राहतो, आणि एकदा पात्रता हुकलेला संघ दुसऱ्यांदा नशिबावर विसंबत नाही.

अंतिम फेरी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये हरारेला झाली, संघ आठ. उपांत्य सामना जिंकला की वर्ल्ड कपचं तिकीट, त्यामुळे खरी फायनल तीच. नामिबियाने टांझानियाला हरवलं, झिम्बाब्वेने केनियाला. मग फायनलही झिम्बाब्वेने मारली. युगांडा या वेळी बाहेर. दक्षिण आफ्रिका या रांगेत नसते, तिची जागा आधीच पक्की असते.

युगांडाच्या संघात रामजानी, नाक्राणी, पटेल ही नावं कशी? माझा भाचा कंपालात नोकरीला आहे, टेनिस बॉल फार छान खेळतो. त्याला संधी आहे का? (एक मावशी, राजापूर)

मावशी, अल्पेश रामजानी तर आपल्या मुंबईत जन्मलेला. डावखुरा फिरकी गोलंदाज. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टीत ५५ बळी घेऊन त्या वर्षी जगात पहिला होता. नाक्राणी आणि रौनक पटेल गुजरातचे. पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी तीन-चार पिढ्या आहेत, क्लब क्रिकेट त्यांनी टिकवलं. पण ‘सगळे भारतीयच तर आहेत’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २०२४ च्या वर्ल्ड कपमधला कप्तान मसाबा तिथलाच. आणि फ्रँक न्सुबुगा? वर वर्ल्ड कपचा जो सामना सांगितला त्यात त्याचा हिशेब होता ४ षटकं, २ निर्धाव, ४ धावा, २ बळी. वय ४३. आमच्याकडे या वयात माणूस मांडवात बसून चहा वाटतो.

भाच्याचं म्हणाल तर नियम सोपा आहे. त्या देशात जन्म, तिथला पासपोर्ट किंवा सलग तीन वर्षांचा रहिवास, यातलं एक हवं. ते जमेलही. अडचण चेंडूची आहे. सपाट कातळावर टेनिस बॉल कंबरेएवढा उठतो आणि पोरं डोळे मिटून लेगला उचलतात. सीझन बॉल, म्हणजे लेदरचा कडक चेंडू, टप्पा पडून आत-बाहेर जातो, तिथे हा फटका शॉर्ट मिडविकेटच्या हातात. कंपालातल्या लुगोगोच्या मैदानाभोवती क्लब आहेत, तिथे आधी नेटला जाऊ दे. संधीचं नंतर बघू.

तात्यानु, ती केनिया खंय गेली? आमच्या टायमाक काय टीम होती ती! (वाचक, मालवण)

मालवणकर, २९ फेब्रुवारी १९९६ विसरलो नाही. पुण्याचं नेहरू स्टेडियम, एकदिवसीय वर्ल्ड कपचा सामना, केनिया १६६, वेस्ट इंडीज ९३. मॉरिस ओडुम्बेचे तीन बळी. २००३ मध्ये ते वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत गेले तेव्हा प्रशिक्षक आपले संदीप पाटील. त्यानंतर संघटनेतली भांडणं, पैशांचा खडखडाट, आणि जुने गेल्यावर नव्यांना मोठे सामनेच मिळाले नाहीत. हरारेत ते उपांत्य फेरीपर्यंत आले होते, तेवढ्यावर तूर्त समाधान माना.

आफ्रिकेतले सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात? (वाचक, रत्नागिरी)

हरारे आणि विंडहुक आपल्यामागे साडेतीन तास, नैरोबी आणि कंपाला अडीच तास, लागोस साडेचार. हरारेत सकाळी दहाला नाणेफेक झाली तर आपल्याकडे दीड. जेवून बसा.