सागाच्या फळ्यांना बाहेरून कोणते खिळे मारावेत?

त्र्यंबक रोडच्या घराला बाहेरून सागाच्या आडव्या फळ्या लावायच्यात, सुतार म्हणतोय साधे खिळे मारू आणि वरून पॉलिश करू, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. मी स्वतः सुतारकाम करतो आणि ही चूक माझ्या हातून झालेली आहे.

गंगापूर रोडला एका बंगल्याच्या पडवीला मी साधे खिळे मारले होते. पहिल्याच श्रावणात एकेका खिळ्याखाली वीतभर काळा ओघळ उतरला, रडताना काजळ ओघळतं तसा. नुसता गंज असता तर तांबूस दिसला असता. सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ओल्या लाकडात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग धरतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकल्यावर होतं तेच. खिळ्याच्या कडेने पाणी आत जातंच, पॉलिश तिथे पुरं पडत नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने डाग निघाले, पण पुढच्या पावसात परत आले. शेवटी सगळे खिळे उपटले.

लाकडाचा रंग उघडा ठेवायचा असेल तर स्टेनलेसच घ्या, ३०४ ग्रेडचे. ३१६ अलिबाग-दापोलीच्या खाऱ्या हवेसाठी, नाशिकला त्याची गरज नाही. मात्र एसएस, म्हणजे स्टेनलेस, म्हणून हलक्या २०२ ग्रेडचे सुद्धा खपवतात. चुंबक लावून फरक कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

फळ्यांना ऑइलपेंट मारणार असाल तर हॉट डिप जीआय, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले लोखंडी खिळे, चालतील. चकचकीत, गुळगुळीत जीआय खिळा घेऊ नका, त्यावर जस्ताचा थर अगदी पातळ असतो. हॉट डिपचा खिळा मळकट राखाडी, हाताला खरखरीत लागतो. पण हातोड्याने डोक्यावरचं जस्त उडतं, म्हणून उघड्या सागाला मी तेही वापरत नाही.

खिळा अंगाभोवती गोल कंगोरे असलेला घ्या, गुळगुळीत स्टेनलेस हळूहळू बाहेर सरकतो. फळीमागच्या रिपेत, म्हणजे लाकडी पट्टीत, तो निदान सव्वा इंच शिरला पाहिजे. पाऊण इंची फळीला अडीच इंची खिळा आणि त्याला पुरेल अशी दोन इंच जाड रीप ठेवा. फळीच्या टोकाला आधी बारीक ड्रिल मारा. डोकं फळीला टेकलं की थांबा, आत ठोकलं तर खळग्यात पाणी साचतं.

आणि एकमेकींवर चढलेल्या दोन फळ्यांतून एक खिळा कधीच घालू नका! फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, दोन्हीकडून जखडली की चिरते. खालच्या फळीची वरची कड सोडून, तिच्या जरा वर खिळा मारा.

सुताराला पटत नसेल तर सागाच्या एका तुकड्यात साधा आणि स्टेनलेस असे दोन खिळे ठोका, ओलं फडकं गुंडाळून दोन रात्री ठेवा आणि तो तुकडा त्याच्या हातात द्या.