शांतता शिकायला परदेशी जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी २७ वर्षांची आहे, पॉलिटिकल सायन्समध्ये बीए झालंय आणि गेली तीन वर्षं विस्थापित कुटुंबांच्या छावणीत काम करतेय. तिथे दोन गटांत पाण्याच्या नळावरून रोज मारामाऱ्या व्हायच्या. मी दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसवलं, नळाच्या वेळा ठरवून घेतल्या आणि पुढचे चार महिने एकही भांडण झालं नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे नीट शिकायचं, परदेशात पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीजमध्ये मास्टर्स करायचं. घरचे म्हणतात, शांततेची डिग्री घेऊन नोकरी कोण देणार? कर्ज काढू का? आणि कुठलं विद्यापीठ चांगलं?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं गं, आणि नळाशी दोन्ही वेळा थांबले. मी स्वतः ही डिग्री केलीय म्हणून आधी हे सांगते की तिथे नेमकं काय शिकवतात, कारण बरेच जण शांततेवरची भाषणं ऐकायला मिळतील असं समजून जातात. आमच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी एकाच हल्ल्याच्या तीन बातम्या हातात दिल्या, एकीत मेलेले ७, दुसरीत १९, तिसरीत नुसतं 'अनेक', आणि म्हणाले तक्त्यात आकडा भरा. दोन तास वर्ग भांडत होता. स्वीडनमधल्या अप्सालाच्या विद्यापीठात जगभरातल्या संघर्षांची जी नोंद ठेवतात तिथे अशा वेळी कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सगळ्यात विश्वासार्ह असे तीन आकडे वेगवेगळे लिहितात, आणि एका वर्षात लढाईत किमान २५ माणसं गेली तरच तो सशस्त्र संघर्ष म्हणून धरला जातो, १००० झाली की युद्ध. मला तेव्हा फार राग आला होता की चोवीस मेले तर काय काहीच झालं नाही का. नंतर कळलं की मोजायची पट्टी एकच नसेल तर दोन देशांची तुलनाच करता येत नाही, पण तो राग गेला नाही आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

आता विद्यापीठांचं. 'चांगलं कुठलं' यापेक्षा तुला काय करायचंय ते ठरव. आकडे, पद्धती, रिसर्च आवडत असेल तर हेच अप्साला, दोन वर्षांचा कोर्स आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरून चालत नाही. माणसांत बसून काम करायचं असेल तर इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड बघ, क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकारानं १९७३ साली तिथे हा विभाग सुरू झाला, आणि मध्यस्थी, समझोते हा तिथला जुना विषय आहे. कोस्टारिकात युनिव्हर्सिटी फॉर पीस आहे, १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावानं उभी राहिलेली, तिथे वर्गात इतक्या देशांची मुलं असतात की अर्धं शिक्षण जेवणाच्या टेबलावरच होतं. आणि उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा विचार जरूर कर, तिथे दोन समाजांमधला संघर्ष थांबवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला, हिंसाचार खूप कमी झाला, तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, काहींची दारं रात्री बंद होतात. भांडण थांबणं वेगळं आणि शांतता नांदणं वेगळं, या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यालाच निगेटिव्ह पीस आणि पॉझिटिव्ह पीस म्हणायचे, आणि ते तिथे रस्त्यावर चालताना दिसतं.

कर्जाचं मात्र स्पष्ट सांगते, सगळी फी कर्जातून भरून या विषयाला जाऊ नकोस. या क्षेत्रात सुरुवातीला सहा महिने, वर्षभराची कंत्राटं मिळतात, कधी बिनपगारी इंटर्नशिप, त्यात हप्ता कसा भरणार? आधी रोटरी पीस फेलोशिपला अर्ज कर, २००२ पासून चालू आहे, फी, राहणं, जाणं-येणं सगळं देतात, त्यांच्या विद्यापीठांत अप्साला आणि ब्रॅडफर्ड दोन्ही आहेत. कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे, फक्त घरात कुणी रोटरी मेंबर आहे का बघ, मेंबरांच्या मुला-नातवंडांना ती मिळत नाही. दुसरी ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती, त्यात ब्रिटनमधलं एका वर्षाचं मास्टर्स होतं, २८०० तासांचं काम दाखवावं लागतं आणि नंतर मायदेशी परतून दोन वर्षं राहावं लागतं. नॉर्वेत शिक्षण फुकट ही जुनी गोष्ट झाली, २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी आहे, त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर जाऊ नकोस.

घरच्यांना सांग की नोकरी डिग्री एकटी देत नाही, पण डिग्री, तुझी छावणीतली तीन वर्षं आणि आणखी एक भाषा असं तिन्ही मिळून देतं. मदतसंस्था, संघर्षांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था, रिसर्च सेंटर अशी कामं आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जागांना फ्रेंच नाहीतर अरबी मागतात. आजपासून फ्रेंच सुरू कर, खरंच सांगते, मी उशिरा सुरू केलं आणि दोन चांगली कामं हातची गेली.

राहिला एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध. त्यात जगात शांतता नांदावी वगैरे एक ओळही लिहू नकोस, असे अर्ज ढिगानं येतात. नळ लिही. पहिल्या दिवशी कोण यायला तयार नव्हतं, कुणाला कुठे बसवलंस, कुठली वेळ दोघींना हवी होती आणि ती कुणी सोडली, का सोडली. आणि चार महिने भांडण झालं नाही म्हणतेस, मग पाचव्या महिन्यात काय झालं ते पत्रात कुठेच नाही. ते काहीही असू दे, मोडलं असेल तरी चालेल, अर्जात ते आलंच पाहिजे, आणि मलाही कळव.