महिन्याच्या किराण्याचं बजेट न वाढवता घरातलं प्लास्टिक कमी कसं करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार माणसांचं घर आहे, किराण्याला महिन्याला नऊ-दहा हजारांच्या वर जाता येत नाही, आणि ‘झिरो वेस्ट’, म्हणजे कचरा न करणाऱ्या वस्तूंच्या, दुकानात गेलात तेव्हा बांबूच्या ब्रशांच्या न् काचेच्या बरण्यांच्या किमती बघून हात हलवत परत आलात. बरं झालं परत आलात. त्या दुकानात तुमच्या कामाचं फार काही नव्हतंच.

मीही पुण्यातच राहते, घरात सासूबाई धरून पाच माणसं आहेत, आणि किराण्याचा हिशेब माझ्याकडे असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: प्लास्टिक कमी करणं आणि पैसे वाचवणं काही जिनसांत हातात हात घालून चालतं, तर काही जिनसांत एकमेकांच्या उरावर बसतं. पहिल्या प्रकारच्या जिनसा आधी धरा. दुसऱ्या प्रकारच्या सरळ सोडून द्या, निदान सध्या तरी. म्हणून आधी आठवडाभर सुक्या कचऱ्याचा डबा रिकामा न करता शेवटी जमिनीवर ओतून बघा. बहुतेक घरांत भाजीच्या पिशव्यांपेक्षा दुधाच्या पिशव्या, डाळी-पिठाची पाकिटं, तेलाच्या पिशव्या आणि मुलांच्या खाऊची चकचकीत पाकिटंच जास्त निघतात.

मोठा फरक धान्यात पडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून सुटं काढून दिलेल्या मालावर तो लागत नाही. म्हणजे सुटं घेणं ही नुसती हौस नाही. अडचण वेगळीच आहे. हल्ली आपले वाणीसुद्धा पोतं आलं की दुपारच्या निवांत वेळात अर्ध्या-एक किलोच्या पारदर्शक पिशव्या भरून ठेवतात. संध्याकाळी गर्दीत जाऊन ‘माझ्या पिशवीत द्या’ म्हटलं की ते भरलेली प्लास्टिकची पिशवीच तुमच्या कापडी पिशवीत टाकतात आणि वर हसतात. त्यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी यादी आणि पिशव्या दुकानात देऊन यायचं, आणि दुसऱ्या दिवशी भरलेलं सामान उचलायचं. महिन्याचं सामान एकाच दुकानातून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणताही वाणी नाही म्हणत नाही. त्याची पिशवी वाचते, तुमचीही वाचते.

पिशव्या विकत आणू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. नवी सुती पिशवी हवामानावरच्या परिणामात साध्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची, तर ती पन्नासेक वेळा वापरावी लागते. पाणी, खतं वगैरे सगळे परिणाम धरले तर हा आकडा कित्येक हजारांवर जातो. जुन्या साडीच्या किंवा चादरीच्या पिशवीला हा हिशेब लागू नाही, कारण ते कापड आधीच घरात आहे. रवा, मैदा, बेसन यांना उशीचे जुने अभ्रे उत्तम, वीण घट्ट असते. तांदूळ, डाळी आणि पोह्यांना ओढण्यांच्या पिशव्या चालतात. साखर आणि गुळाला स्टीलचा डबा न्या, आणि डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. मिठाईच्या दुकानातही हेच करा. खोक्याचं वजन मिठाईच्या भावाने लावणं वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमात बसत नाही, पण बोलल्याशिवाय कोणी काट्याकडे बघत नाही.

दुकानात दहा रुपयांना मिळणारी ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी मात्र कापडाची नसते. ते पॉलिप्रॉपिलिन असतं, म्हणजे प्लास्टिकच. खात्री करायची तर कडेचा एक छोटा तुकडा मोकळ्या जागेत चिमट्यात धरून काडीने पेटवा. सुताची राख होते, ह्याचा वितळून गोळा होतो.

गव्हाचं म्हणाल तर पुण्यात अजून गल्लोगल्ली गिरण्या आहेत, हे आपलं नशीब. पाच किलोच्या आट्याच्या पाकिटाऐवजी गहू आणि दळण असा हिशेब केला तर महिन्यागणिक थोडेच पैसे सुटतात, काही महिने बरोबरीच होते. खरा फरक एप्रिल-मे महिन्यात दिसतो, नवा गहू आल्यावर. जागा असेल तर निदान सहा महिन्यांचा लोकवन गहू भरून ठेवा. कडकडीत ऊन द्यायचं, एरंडेल तेलाचा हात फिरवायचा, कडुनिंबाचा वाळलेला पाला मधेमधे घालायचा. आमच्या सासूबाई तूरडाळीलाही एरंडेल लावतात. एकरकमी पैसे काढणं जड जातं हे मला मान्य आहे. म्हणूनच शेजारच्या दोन घरांना धरून मार्केट यार्डच्या भुसार विभागातून एक पोतं आणायचं आणि जिन्यात वाटून घ्यायचं, हे जास्त जमण्यासारखं आहे.

तेलालाही हीच भागीदारी लावा. एक लिटरची पिशवी दरात बहुतेक वेळा स्वस्त असते, पण रिकामी पिशवी आतून तेलकट राहते आणि भंगारवाला तिच्याकडे बघतही नाही. दोन-तीन घरांनी मिळून पत्र्याचा डबा घेतला की प्लास्टिकचा प्रश्नच मिटतो, आणि रिकाम्या डब्याचेही चार पैसे येतात. घेताना डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, ते वाचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे १५ लिटरमध्ये साधारण साडेतेरा किलोच तेल बसतं. दर विचारताना ही गंमत लक्षात ठेवली नाही तर स्वस्त वाटणारा डबा महाग पडतो. एकट्या घराने डबा घेऊ नये. चार महिने पुरवायला जाल तर शेवटचं तेल खवट होईल. लाकडी घाण्याचं तेल आपल्या कॅनमध्ये मिळतं खरं, पण तुम्ही सांगितलेल्या बजेटात ते बसवा असं मी म्हणणार नाही.

आता खाऊ. इथे मुलांशी भांडण आहे, पण पैसे इथेच सर्वांत जास्त सुटतात. ती चकचकीत पाकिटं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात. थर वेगळे करता येत नाहीत, म्हणून रद्दीवाला ती घेत नाही. वेफर्सच्या दहा रुपयांच्या पाकिटावरचं वजन वाचा आणि किलोचा भाव काढा, चारशेच्या आसपास किंवा वरच निघेल. भागाकाराचाही कंटाळा असेल तर आता बऱ्याच पाकिटांवर एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, तो बघा. त्या भावात भडभुंज्याकडून कुरमुरे, फुटाणे, खारे दाणे किती येतील ते मुलांनाच मोजायला लावा. पातळ पोह्यांचा चिवडा घरी केला तर पंधरवडा जातो. खारी, टोस्ट, नानखटाई बेकरीतून डब्यात आणता येतात. पाकिटं पूर्ण बंद करायला जाऊ नका, मुलं मित्राच्या घरी जाऊन खातील. आमच्याकडे शनिवारी एक पाकीट मिळतं आणि बाकीचे दिवस डबा असतो.

भाजीबद्दल सगळेच सांगतात म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक भाजीला वेगळी पिशवी लागतच नाही. बटाटे-कांदे खाली, टोमॅटो आणि पालेभाज्या वर, सगळं एका मोठ्या पिशवीत, निवडायचं घरी. फक्त ‘पिशवी नको, मावशी’ हे वजन व्हायच्या आधी म्हणायचं, कारण एकदा भाजी पिशवीत पडली की ती परत काढणं तिच्या जिवावर येतं. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची आहे, आणि देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या २०२२ च्या डिसेंबरअखेरपासून बंद आहेत. तरी हातगाडीवर त्या दिसतातच. दंड मात्र बहुतेक वेळा गाडीवालीलाच होतो. त्या पिशव्या तिला पदरच्या पैशाने आणाव्या लागतात, म्हणून तिला पर्यावरणावर भाषण देऊ नका. तुमची पिशवी पुढे करा, ती खूशच होईल. कोथिंबीर आणि मेथी ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, प्लास्टिकपेक्षा चांगली राहते. मासे-मटणाला झाकणाचा डबा.

दुधाच्या पिशव्या टाळायला जवळ गोठा किंवा सुटं दूध देणारी डेअरी हवी. माझ्या भागात नाही, त्यामुळे आमच्याकडे पिशव्या येतात. पण ही पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते आणि तिचा पुनर्वापर होतो. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, कारण तो इवलासा तुकडा कुठल्याच कचरावेचकाच्या हाती लागत नाही. पिशवी विसळून टाइल्सवर चिकटवा, सुकली की एका जागी साठवा. भंगारवाला किलोवर घेतो. नसेल द्यायची तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात त्यांना सुक्या कचऱ्यात वेगळी बांधून द्या, विकून त्यांना पैसे मिळतात. तेलकट, खरकटी पिशवी दिलीत तर त्यांना फक्त वास मिळतो.

शाम्पू मात्र त्या दुसऱ्या, एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या प्रकारातला. मिलिलिटरचा हिशेब केलात तर अनेकदा एक-दोन रुपयांचा सॅशेच बाटलीपेक्षा स्वस्त निघतो. महिनाअखेरीस हात आखडलेला असेल तर सॅशे घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. त्याऐवजी हँडवॉश आणि बॉडीवॉश बंद करून कागदी वेष्टनातली साबणाची वडी आणा, तिथे दोन्ही बाजूंनी फायदा आहे. घासणीला काथ्या, कचऱ्याच्या डब्यात काळ्या पिशवीऐवजी वर्तमानपत्र, हेही तसंच फुकटात जमणारं.

घरात आधीपासून असलेले प्लास्टिकचे डबे टाकून काचेचे घेऊ नका, तुटेपर्यंत वापरा. चहापावडरीच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मसाल्याला चालतात. औषधांच्या पट्ट्या, टूथपेस्टच्या ट्यूब, आजारी माणसाचे डायपर यांच्या मागे मी कधीच लागले नाही. ते येतं, वापरलं जातं आणि वर्गीकरण करून बाहेर जातं. पट्ट्या सुक्यात, डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळा.