मुलगी नखं कुरतडते, सांगून सांगून थकलो, आता काय करू?

एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगी पंधरा वर्षांची, लहानपणापासून नखं खाते, आता तर बोटांच्या टोकांना लाल मांस दिसायला लागलंय. ओरडून झालं, कडू औषध लावून झालं, बक्षीस कबूल करून झालं, फरक शून्य. आणि हल्ली नखांचा विषय काढला की रूमचं दार धाडकन बंद.

ताई, सगळ्यात आधी ते "हात काढ तोंडातून" म्हणणं आजपासून बंद करा. तुमचं चुकतंय म्हणून नाही हो, पण त्याचा उपयोगच होत नाही, कारण बहुतेक वेळा हात तोंडात गेलाय हे तिला कळलेलंच नसतं. तुम्ही ओरडता तेव्हा ती दचकते, हात खाली घेते, आणि तिच्या लक्षात राहतो तो फक्त तुमचा आवाज, हात कधी वर गेला ते नाहीच. म्हणजे जे तिच्या लक्षात यायला हवं तेच राहून जातं.

एकदा काही न बोलता लांबून नीट बघा. नखं खाणं दातांपासून सुरू होत नाही. आधी अंगठा बाकीच्या बोटांच्या कडांवरून फिरत असतो, एखादा खरखरीत कोपरा सापडतो, मग अंगठ्याने तोच कोपरा खाजवत बसायचं, आणि तो निघत नाही म्हटल्यावर बोट तोंडात. बऱ्याच मुलांना ते टोक "नीट" करायचं असतं, सगळं एकसारखं करायचं असतं, आणि कुरतडून ते अजून वाकडं होतं. टेन्शनमुळेच नखं खातात असा आपला समज असतो पण कंटाळा, वैताग, एखाद्या गणितात डोकं घातलेलं असणं, मोबाइलवर स्क्रोल करणं, यातही हात तेवढाच वर जातो.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे, नखाची बारीक फाईल. एक दप्तरात, एक स्टडी टेबलवर, एक पलंगाजवळ. खरखरीत कोपरा लागला की घासून टाकायचा, विषय संपला. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, सुकून सालं निघत असतील तर रात्री व्हॅसलिन किंवा साधं क्रीम चोळायचं. मुलगा असला तरी हेच, नखांची काळजी घेणं हे मुलींचं काम वगैरे घरात कोणी बोलू नये.

दुसरं म्हणजे हाताला पर्याय द्यायचा. 1973 साली नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी सवय मोडायची एक पद्धत मांडली, ती आजही थेरपिस्ट वापरतात. हात वर जातोय हे ओळखायला शिकायचं, आणि ओळखलं की लगेच त्याच हाताने असं काहीतरी करायचं की नखं खाताच येणार नाहीत, म्हणजे मूठ आवळून एक-दोन मिनिटं धरायची किंवा पेन घट्ट पकडायचं. वर्गात कोणाच्या लक्षातही येत नाही. 2023 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी 268 लोकांवर याहून सौम्य प्रकार करून पाहिला, बोटांची टोकं एकमेकांवर हलकेच घासायची किंवा तळहात, हाताची मागची बाजू हळुवार चोळायची. सहा आठवड्यांनी हे करणाऱ्यांपैकी साधारण 53 टक्के लोकांना फरक जाणवला, न करणाऱ्यांत 20 टक्के, आणि नखं खाणाऱ्यांना त्याचा जास्त फायदा दिसला. फुकट आहे, त्रास नाही, तिला दोन्ही दाखवा आणि कुठलं जमतंय ते तिलाच ठरवू द्या.

हात वर जातोय हे तुम्ही तिला न बोलता कळवायचं असेल तर त्याची खूण ठरवायची तीही तिनेच. टेबलावर बोट टकटक करणं असो की नुसता खांद्याला हात लावणं, ती म्हणेल ते. आणि ती "नको, मला नका सांगू" म्हणाली तर नाही सांगायचं. या वयात मदतही लादली की ती टोचते.

दहाही बोटं एकदम सोडवायला जाऊ नका. एक बोट निवडायचं, ते वाचवायचं, बाकीची खाल्ली तरी चालतील. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण नवीन यायला सहा महिने लागतात, त्यामुळे रोज हात तपासण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांतून एकदा तिने तिच्याच फोनमध्ये फोटो काढावा, दाखवायचा की नाही ती तिची मर्जी. परीक्षेच्या आठवड्यात सगळं परत खाल्लं जाईल, तेव्हा गप्प रहा, पुन्हा त्याच बोटापासून सुरू करा.

कडू नेलपॉलिशबद्दल. त्यात बहुतेक डेनाटोनियम नावाचं अतिशय कडू रसायन असतं. तिने स्वतः मागितलं तर ते आठवण करून द्यायला बरं, पण जबरदस्तीने लावलं तर ती शिक्षाच वाटते, आणि मुलं ते धुऊन टाकतात नाहीतर त्या कडूपणाचीही सवय करून घेतात.

आता आपल्या घरांमधली एक खास गोष्ट. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा, मावशी, काका सगळे प्रेमाने विचारतात, "काय गं, अजून नखं खातेस का? दाखव बघू हात!" त्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण पंधरा वर्षांच्या मुलीला स्क्रीनवर दहा जणांसमोर हात दाखवायला लावणं फार लागतं. घरच्यांना तुम्ही वेगळा फोन करून सांगा की हा विषय तिच्यासमोर काढायचा नाही, आणि हे ती घरात नसताना सांगा.

नखाच्या कडेला सूज, ठणका, पू दिसला तर ते नखुरडं, त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जा. बोटावर चामखीळ असेल तर चावून ती तोंडाजवळ पसरू शकते. दातांना ब्रेसेस म्हणजे तारा असतील तर नखं खाते हे त्या बसवणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला सांगून ठेवा. आणि बोटांतून वारंवार रक्त येत असेल, ती केसही उपटत असेल, कातडी सोलत असेल, हात लपवायला म्हणून मित्रमैत्रिणींत जाणं टाळत असेल तर नुसत्या फाईलवर अवलंबून राहू नका. फॅमिली डॉक्टरांना सांगून वर्तन-थेरपी करणाऱ्या, शक्यतो ही सवय मोडायची पद्धत येणाऱ्या थेरपिस्टचा रेफरल मागा. डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील, अनेक देशांत या वयाच्या मुलांशी एकट्याने बोलतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि ती बाहेर आल्यावर गाडीत लगेच "काय विचारलं गं?" असं विचारू नका, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल.