मैदानातल्या शंका : आडदांड गड्याला धरायचं कुणी?

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल बघतो. धाकटा म्हणतो, चार्जर्स संघाचा सेफ्टी (बचावफळीत सगळ्यात मागं उभा राहणारा) डर्विन जेम्स पाडापाडी भारी करतो, पण टाइट एंडवर (पास झेलणारा आणि समोरच्याला अंगानं अडवणाराही आडदांड गडी) पहारा ठेवणं त्याला जमत नाही. चीफ्स संघाचा टाइट एंड केल्सी, त्यानं त्याला उघडं पाडलं. मला पटत नाही. जेवताना रोज हाच वाद.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धाकट्याच्या डोक्यात नोव्हेंबर २०२२ मधला सामना असणार. आपल्याकडे सोमवार सकाळ, मी दह्यात कडक भाकरी चुरून बसलो होतो. चार्जर्स २७-२३ नं पुढं. केल्सी आडवा धावत आला, चेंडू घेतला आणि १७ यार्डांचं टचडाऊन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, मोकळा. मागं धावणारा जेम्सच. घड्याळात ३१ सेकंद उरलेले, चीफ्स ३०-२७ नं जिंकले. केल्सीचं त्या दिवसातलं ते तिसरं टचडाऊन. भाकरीचा पार लगदा झाला.

पण त्याच हंगामात सप्टेंबरात याच जेम्सनं याच केल्सीला गोलरेषेच्या तोंडाशी उचलून आपटलं होतं, तेही धाकट्याला दाखवा. केल्सी ६ फूट ५ इंच, वजन ११३ किलोच्या घरात. जेम्स तीन इंचांनी बुटका आणि पंधराएक किलोनं हलका!

मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचो, पार्क मैदानावर गुडघे फोडून घेतलेत. चढाईवाला बोनस रेषेकडं पाय टाकतो तेव्हा कोपरा दर वेळी झेपावत नाही. बोनस गेला तर गेला. झेपावलो आणि पकड सुटली, तर गडी बाद होतो. टाइट एंडपुढं सेफ्टीचं तसंच. पाच-सहा यार्डांचा पास कधीकधी द्यावाच लागतो, फक्त झेलल्या जागी त्याला लोळवायचं. म्हणून किती झेल दिले हे मोजू नका, झेलानंतर तो किती पळाला ते बघा. त्या सोमवारी जेम्स हरला तो इथंच. म्हणजे धाकट्याचा दाखला खरा, निष्कर्ष घाईचा.

आणि सेफ्टीची पंचाईत समजून घ्या. टाइट एंड आधी ब्लॉक करतोय, म्हणजे समोरच्याला अंगानं अडवतोय, असं भासवतो. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिल्याचं सोंग करतो. सेफ्टी धावणाऱ्याला अडवायला दोन पावलं पुढं येतो, तेवढ्यात हा आडदांड गडी त्याच्या पाठीमागं निसटलेला! पहिल्या ५ यार्डांत त्याला ढकलून रोखता येतं. त्यापुढं, क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पॉकेटमध्ये (आपल्या गड्यांच्या कड्याआड) उभा असताना हात लावला, तर ५ यार्डांचा दंड आणि वर नवा फर्स्ट डाऊन, म्हणजे पुन्हा चार नवे प्रयत्न. आमच्या वेळी एवढे नियम असते तर मी कोपरा सोडून पंच झालो असतो.

प्रश्न : मग चपळ कॉर्नरबॅकच (पास झेलणाऱ्यांवर पहारा ठेवणारा कडेचा गडी) का लावत नाहीत?
— तोच वाचक

उत्तर : लावतात की. पण कॉर्नरबॅक बहुधा हलका. टाइट एंड त्याला पाठीवर घेतो आणि चेंडू छातीशी धरतो. मागच्याला तो दिसतसुद्धा नाही. वर त्याच बाजूनं चेंडू घेऊन धावले, तर बिचारा ब्लॉकखाली चिरडतो. लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला गडी) दांडगा, पण पाठलागात मागं पडतो. म्हणून २०२२ मध्ये रेव्हन्स संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत काइल हॅमिल्टन घेतला, सेफ्टी असून ६ फूट ४ इंच. पुढच्या रविवारी रात्री दोघं मिळून त्याला बघा, मग लिहा.