सिस्टिक फायब्रोसिसची नवी गोळी आवाक्याबाहेर आहे. मग मुलासाठी आज काय करता येईल?

तुम्ही निपाणीहून लिहिलंय की चार वर्षांच्या मुलाची घामाची तपासणी झाली, क्लोराइड ९४ आलं आणि डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस सांगितलं. अमेरिकेत यावर गोळी निघालीय असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं. एखाद्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, मुलाला घालून ती मिळेल का, आणि तोवर काय करायचं, हा तुमचा प्रश्न आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी बेळगावात माता-बालकांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये नर्स म्हणून काम करते. सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे सीएफचा, अभ्यास आमच्याकडे चालत नाही, पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला हाच आजार आहे. ती खानापूर तालुक्यात राहते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस माझ्याकडून घेऊ नका. बाकी जे सांगते ते मनापासून सांगते: गोळीची वाट बघण्यात एक महिनाही घालवू नका. गोळी नसलेल्या काळातही या मुलांचं आयुष्य वाढत गेलं, आणि ते कशामुळे वाढलं हे अभ्यासांतून नीट कळलेलं आहे. त्यातलं बरंचसं निपाणीतल्या घरात करता येतं.

६० किंवा त्याच्या वर क्लोराइड आलं की आजार धरतात, म्हणजे ९४ मध्ये संशयाला फार जागा नाही. तरी एकाच रिपोर्टवर थांबायचं नसतं. तपासणी परत होते आणि जनुकाचीही होते. सीएफटीआर नावाचं जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. ते १९८९ मध्ये सापडलं. ते बिघडलं की पेशींमधून मीठ आणि पाणी नीट ये-जा करत नाही, छातीतला बेडका काकवीसारखा घट्ट होतो, स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात पोचत नाही आणि घाम खारट होतो. आमच्या आईने हे आजाराचं नाव कळायच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. बहिणीच्या बाळाच्या कपाळाचा मुका घेऊन ती म्हणाली होती, "पोराला मीठ लावल्यागत लागतंय की गे." पण छाती भरते, वजन वाढत नाही म्हणून एका दवाखान्यात त्याला आधी टीबीची औषधं सुरू झाली. आपल्या भागात या मुलांचं निदान टीबी, दमा नाहीतर कुपोषण या तीन नावांत अडकून पडतं. तुमचं निदान चार वर्षांचा असताना झालं, हे लवकरच झालं म्हणायचं.

आता गोळी. तीन औषधं एकत्र असलेली ट्रायकाफ्टा अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली. तिच्या मुख्य ट्रायलमध्ये बारा वर्षांवरचे ४०३ रुग्ण होते. चोवीस आठवड्यांत फुफ्फुसाच्या ताकदीचा आकडा बिनऔषधाच्या गटापेक्षा १४ अंकांनी वर गेला, आणि छाती भरून आजारपण उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी घटलं. आमच्या कामात असे आकडे क्वचितच बघायला मिळतात. २०२३ पासून तिथे दोन वर्षांच्या मुलांनाही ती देतात. म्हणजे तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे. पण त्या ४०३ जणांतल्या २०३ जणांना दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी मिळाली होती, हेही ध्यानात ठेवा. ट्रायलमध्ये नाव आलं म्हणजे औषध मिळालंच असं नसतं.

किंमत ऐकून पोटात गोळा येतो. अमेरिकेत ती निघाली तेव्हा वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती, म्हणजे आपले दोन कोटींहून जास्त, आणि गोळी जन्मभर घ्यायची. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचं नाव आहे आणि मदतीची मर्यादा ५० लाख आहे. एवढ्यात ती गोळी जन्मभर पुरत नाही. तरी नोंद करून घ्या. नोंद झाली की मूल मोठ्या केंद्राच्या नजरेत राहतं, आणि किंमत किंवा धोरण बदललं तर तुम्ही आधीच यादीत असता. आपल्याला जवळची केंद्रं दोन: बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स, जे इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेबरोबर काम करतं, आणि मुंबईचं केईएम. निपाणीकरांचा ओढा कोल्हापूर-पुण्याकडे असतो हे मला माहीत आहे. रोजच्या उपचारांना कोल्हापूर जवळ पडतं तर तिथेच दाखवा, पण या नोंदीसाठी एकदा केंद्र गाठाच.

जाण्याआधी किंवा गेल्यावर एक गोष्ट हट्टाने करून घ्या: जनुकाची पूर्ण तपासणी. युरोप-अमेरिकेत बहुतेक रुग्णांत एफ५०८डेल नावाचा एकच बिघाड सापडतो, आणि गोळी मुख्यतः त्याच्यावर बेतलेली आहे. भारतीय मुलांत तो बिघाड त्यामानाने कमी आढळतो. म्हणून तेवढाच एक बिघाड बघणारी स्वस्त तपासणी करून "काही सापडलं नाही" असा कागद घेऊन परत येऊ नका. सगळं जनुक वाचणारी तपासणी मागा. तुमच्या मुलाचे दोन्ही बिघाड, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून आलेला, कोणते हे कळलं, तरच गोळी त्याला लागू पडेल की नाही ते कळेल. काही बिघाडांत पेशी ते प्रथिन बनवतच नाही, आणि तिथे गोळीला धरायला काही उरत नाही.

ट्रायलबद्दल तुम्ही "प्रयोगाचा उंदीर तर होणार नाही ना" असंही विचारलंय. ही भीती मी गावोगाव ऐकली आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास झाला. १,६२० बायकांनी भाग घेतला, गोळ्या गावातल्या नर्सताईंनी दिल्या, आणि जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडच्या बायकांनी हो म्हटलं, म्हणून जगभरातल्या बाळंतिणींना त्याचा उपयोग झाला. त्यामुळे ट्रायलला घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा. भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. तिथे आजाराचं नाव टाकून शोधता येतं. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. कानडी किंवा इंग्रजी कागद पुढे केला तर मराठी प्रत मागा, आणि घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका. ट्रायलच्या औषधाचे पैसे कुणी मागितले किंवा स्टेम सेलने बरा करतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली, तर तिथून उठून या.

आता घरात करायचं काम, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या सीएफ रुग्णांची छाती इतरांपेक्षा मोकळी असते. त्यातून मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देण्याची ट्रायल उभी राहिली. १६४ रुग्ण, ४८ आठवडे. एका गटाला ७ टक्के मिठाचं पाणी आणि दुसऱ्याला साधं सलाइन. खारटपणावरून कुणी ओळखू नये म्हणून दोन्हीत क्विनाइन घालून कडू केलं होतं. ट्रायलमधली माणसं किती बारकाईने विचार करतात ते यावरून कळेल. ७ टक्क्यांच्या गटात छातीची आजारपणं ५६ टक्क्यांनी कमी झाली. हे २००६ चं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांवरचा वेगळा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यातही फुफ्फुसात हवा खेळती राहण्याच्या मोजमापात सुधारणा दिसली. उलट त्याआधीच्या, तान्ह्या बाळांपासूनच्या लहान मुलांवरच्या अभ्यासात आजारपणं कमी झाली नव्हती. म्हणजे वय बघून, डॉक्टरांना विचारूनच. दिल्लीच्या एम्समध्ये ३ टक्के आणि ७ टक्के अशी तुलनाही झाली आहे, तेव्हा ७ सोसत नसेल तर ३ बद्दल विचारा. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप, मग ही वाफ, मग बेडका सुटवणारी छातीची फिजिओथेरपी, असा क्रम असतो. घरचं मीठ पाण्यात कालवून मशिनमध्ये कधीच घालू नका. तयार मिळणारं निर्जंतुक मिठाचं पाणीच लागतं.

इंटरनेटवर तुम्हाला असंही वाचायला मिळेल की ही वाफ बंद केली तरी चालते. तो अभ्यास खरा आहे, पण तो बारा वर्षांवरच्या, तिहेरी गोळी आधीपासून घेणाऱ्या रुग्णांवर झालेला आहे. तुमच्या मुलाला तो लागू नाही.

फिजिओथेरपी रिकाम्या पोटी, जेवणाआधी. पूर्वी बाळाला डोकं खाली करून पाठीवर थापटत. मेलबर्नच्या अभ्यासात दिसलं की तसं केल्याने तान्ह्या बाळांचं पोटातलं वर येतं, म्हणून आता डोकं खाली करत नाहीत. चार वर्षांचं पोर खेळातून शिकतं. आमच्या भाच्याला हफ, म्हणजे जोराने श्वास सोडून बेडका वर आणायची पद्धत, शिकवला तो स्टीलच्या ताटलीवर. ताटली तोंडासमोर धरायची, तोंड मोठं उघडायचं आणि घशातून "हाऽ" करून वाफ उमटवायची. वाफेचा गोल मोठा उमटला की बेडका वर सरकतो, मग खोकायचं. कितीही बरा दिसला तरी एक दिवस चुकवायचा नाही, हे बहिणीने पहिल्यापासून ठरवून टाकलं.

खाण्याचं महत्त्व कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८८ मध्ये टोरांटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना छापून आली. बोस्टनमध्ये तेलतूप कमी देत. टोरांटोत भरपूर स्निग्ध खायला घालून त्याबरोबर पाचक एन्झाइम देत. निम्मे रुग्ण बोस्टनमध्ये २१ वर्षांपर्यंत जगण्याचा अंदाज निघाला, टोरांटोत ३० पर्यंत. खाण्यात एवढी ताकद आहे. म्हणून "पोट बिघडलंय, तूप बंद करा" असं शेजारणीने सांगितलं तर ऐकू नका. तूप, लोणी, शेंगदाण्याची चटणी, साईसकट दूध, अंडी, मध्येच चमचाभर कुंदा, सगळं द्या. मात्र एन्झाइमशिवाय नाही. दूध प्यायचं असलं तरी आधी एन्झाइम. कॅप्सूल उघडून आतले दाणे शिजवलेल्या सफरचंदाच्या गरात चमच्यावर द्यायचे. ते कुटायचे नाहीत, चावू द्यायचे नाहीत, गरम दुधात घालायचे नाहीत, कारण वरचं आवरण विरघळलं तर औषध पोटातच वाया जातं. नंतर तोंडात बोट फिरवून दाणे राहिले नाहीत ना ते बघा, हिरड्यांना फोड येतात. डोस वजनावर ठरतो आणि त्याला वरची मर्यादा आहे, दिवसाला किलोमागे १०,००० लायपेज युनिट. संडास तेलकट, तरंगणारी होतेय की नाही ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, डोस त्यावरच नीट बसतो. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही वेगळी द्यावी लागतात.

एप्रिल-मेमध्ये फार जपा. निपाणी, चिकोडी, अथणीकडचं ऊन या मुलांना बाधतं, कारण घामातून मीठ निघून जातं. मूल मलूल झालं, उलट्या करायला लागलं, तर "ऊन लागलंय" म्हणून कांदा लावत बसू नका. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तातडीने तपासायला सांगा, आणि सीएफ आहे हे दवाखान्यात आधी सांगा. रोज जास्तीचं मीठ किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताकात, आंबिलीत ते सहज जातं.

जंतूंबद्दल दोन गोष्टी. नेब्युलायझरचे भाग प्रत्येक वेळी धुऊन, उकळून, पूर्ण वाळवायचे. ओलसर गवताच्या गंजीत, कुजलेल्या पाचटात मुलाला खेळू देऊ नका, त्यात बुरशी असते. आणि सीएफची दुसरी मुलं असलेल्या कुटुंबांशी फोनवर जरूर बोला, पण दोन मुलांना एका खोलीत एकत्र आणू नका. त्यांच्या छातीतले जंतू एकमेकांना फार घातक ठरतात. बेडक्याची तपासणी ठरल्या वेळी होत राहू द्या, म्हणजे स्यूडोमोनास नावाचा जंतू छातीत शिरला तर लगेच कळेल.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही. तुमची बायको मामाची मुलगी आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. आपल्याकडे घरोघरी अशी लग्नं आहेत. त्यावरून घरात तिला कुणी बोल लावत असेल तर ते आजच थांबवा. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता राहते. मुलाचे दोन्ही बिघाड कळलेले असतील तर गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांच्या आसपासच करता येते, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जनुकाचा रिपोर्ट त्याआधी हातात हवा. रिपोर्ट आला की त्यातली दोन नावं इथे लिहा, मुलाचं नाव-गाव झाकून. त्यावर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.