वाचक विचारतात : यार्ड कुणाच्या खात्यावर मांडायचे?

प्रश्न : ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर आमची अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंचे मनातले संघ) चालते. यंदा एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टआधीच (संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात तो) कॉलेजातला एखादा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, हेरून ठेवायचा आहे. एकाचे मोसमात धावून मिळवलेले 1,500 यार्ड आहेत, दुसऱ्याचे 900. पहिलाच घ्यावा ना? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : एवढ्यावरून नाही. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने कॉलेजात यार्डांचा डोंगर रचला, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची 1999 ची हाइझमन ट्रॉफी जिंकली, 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्याला 11वा क्रमांक मिळाला. पण एनएफएलमध्ये एकाही मोसमात त्याने हजार यार्ड गाठले नाहीत. उलट एरियन फॉस्टरला 2009 च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, आणि 2010 मध्ये 1,616 यार्ड धावून तोच लीगमध्ये पहिला आला.

कारण साधं आहे. समोरचा बचावपटू अंगाला लागेपर्यंतचे यार्ड बहुतांशी ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढे वाट मोकळी करणाऱ्या साथीदारांचे असतात. बलाढ्य कॉलेजात पुढचे पाच जण दरवाजाएवढी फट पाडून देतात आणि तिच्यातून कुणीही पळेल. धावणाऱ्याच्या खात्यावर पडतात ते धडक बसल्यानंतरचे यार्ड.

हायलाइट्स बघू नका. त्यांत फक्त यशस्वी धावा असतात. तगड्या बचावाविरुद्धचे चार पूर्ण सामने निवडा, त्यांतला निदान एक हरलेला असू द्या. दुपारी सुरू होणारे तिकडचे सामने आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहानंतर लागतात, तेव्हा रेकॉर्डिंग बघणंच बरं. वहीत 50-60 धावा नोंदवा : धडकेआधी किती यार्ड, धडकेनंतर किती, पहिला टॅकलर (पाडायला येणारा) चुकवला की नाही, आणि फट कुठे होती व तो गेला कुठे. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा आणि भरायला सगळ्यांत अवघड. कबड्डी पाहणाऱ्याला तो लवकर जमतो. चांगला चढाईपटू बचावाची साखळी हलण्याची वाट बघतो, तसाच चांगला बॅक ब्लॉक लागेपर्यंत (साथीदार बचावपटूला अडवेपर्यंत) अर्धा क्षण थांबतो आणि मग एकाच पावलात दिशा बदलून घुसतो. नाचणारा, तीन-तीन वेळा हुलकावणी देणारा टीव्हीवर छान दिसतो. पण एनएफएलचे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले) तेवढ्या वेळात पोचलेले असतात.

जोडीला एक जुना हिशेब ठेवा. 10 यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक म्हणजे एक डाउन. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी 40 टक्के, दुसऱ्याला 60 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले, तरच ती धाव यशस्वी धरायची. एका 70 यार्डांच्या धावेने सरासरी फुगते, पण या हिशेबात तीही एकच धाव.

प्रश्न : 40 यार्डांच्या शर्यतीत एकाची वेळ 4.42 सेकंद, वजन 195 पौंड, दुसऱ्याची 4.52, वजन 222 पौंड. वेगवान तो सरस, असं समजू का? – एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : वजन हिशेबात घ्या. ‘स्पीड स्कोअर’चं सूत्र असं : पौंडांतलं वजन गुणिले 200, भागिले वेळेचा चौथा घात. साधारण चांगल्या बॅकचा स्कोअर 100 च्या आसपास येतो. पहिल्याचा 102, दुसऱ्याचा 106. म्हणजे दहा सेंटीसेकंद हळू असूनही 100 किलोचा गडी पुढे. सेकवॉन बार्कलीने 2018 मध्ये 233 पौंड वजनानिशी 4.40 ची वेळ दिली होती. त्याचा स्कोअर 124 येतो.

पण आधी वेळ कुणी घेतली ते विचारा. इंडियानापोलिसच्या कंबाइनमधली (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांतली) वेळ आणि कॉलेजच्या मैदानावर स्टॉपवॉचने घेतलेली वेळ एका मापाची नसते. हातातलं घड्याळ सहसा खेळाडूला झुकतं माप देतं. शिवाय सामन्यात 36-37 मीटर मोकळे क्वचितच मिळतात, म्हणून पहिल्या 10 यार्डांची वेळ वेगळी पाहा. बेंच प्रेसच्या आकड्यावर मात्र या जागेसाठी फार वेळ घालवू नये.

प्रश्न : पळण्यात उत्तम असलेले नवे बॅकही पहिल्या वर्षी बाकावर का बसतात? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : बहुधा क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, वाचवता येत नाही म्हणून. पास फेकायच्या वेळी बॅकला धावून येणारा लाइनबॅकर अडवावा लागतो. दोघे आले तर नेहमीचा नियम ‘आधी आतला, मग बाहेरचा’, कारण आतल्याचा रस्ता जवळचा. बऱ्याच कॉलेजांत पास इतक्या झटपट फेकला जातो की हे काम फारसं पडतच नाही, आणि उणीव झाकलेली राहते. म्हणून तिसऱ्या डाउनचे खेळ वेगळे काढा. योग्य माणूस ओळखला का, गुडघे वाकलेले आहेत का, हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतून लागले का? डोकं खाली घालून खांद्याने ढुशी देणारा दोनदा यशस्वी होईल, तिसऱ्यांदा समोरचा बाजूने निघून जाईल.

त्याच खेळांत तो पास पकडतो कसा तेही दिसेल : हातांनी की छातीवर घेऊन. चेंडू नेताना तो मैदानाच्या कडेकडच्या हातात, बरगडीला दाबलेला हवा. आमच्या मते शंभर वेळा चेंडू हाती आल्यावर एकदा सुटला तर चालवून घ्यावं; दोनदा सुटत असेल तर तो हात कसा धरतो ते पुन्हा बघा. पकड सुधारता येते. माणूस ओळखायला चुकतो, त्याला वेळ लागतो.